डावीकडची पहिली सीट

१

फुटबॉल क्लबची जुनी बस प्रेक्षकांच्या गॅलरीखालच्या लांबट शेडमध्ये उभी होती. एके काळी याच बसमधून क्लबची टीम गावोगाव खेळायला जायची. मग बस बंद पडली, इंजिन कोणीतरी काढून नेलं, आणि पुढची कितीतरी वर्षं तिच्यात मोडक्या खुर्च्या, गोलची फाटकी जाळी आणि चुन्याच्या गोण्या साठत गेल्या. क्लबला शंभर वर्षं होणार म्हटल्यावर सगळ्यांना एकदम बसची आठवण झाली. सुताराने लाकडी सांगाडा ठाकठीक केला, रंगाऱ्याने दोन हात दिले, आणि शेवटी सीटांसाठी कुशनवाल्याला बोलावणं गेलं.

कुशनवाला पन्नाशी ओलांडलेला, बेताचं बोलणारा माणूस. तीस वर्षं त्याने हा एकच धंदा केला होता. सिनेमाच्या खुर्च्या, दाताच्या डॉक्टरची खुर्ची, न्हाव्याची खुर्ची, घराघरांतले सोफे, ज्याच्यावर माणूस बसतो ते सगळं त्याच्या हाताखालून गेलं होतं. जुनं कव्हर उसवून आतला काथ्या बघितला की कोण बसत होतं ते त्याला कळायचं. जाड की किडकिडीत, डाव्या अंगावर भार टाकणारा की उजव्या, काठावर टेकणारा घाईचा की मागे रेलणारा निवांत. "यांना माणसाचं तोंड आठवत नाही, पण बूड बरोबर आठवतं," असं त्याची बायको शेजारणींना सांगायची.

बसमध्ये सीटा चौदा. डावीकडे सात, उजवीकडे सात, मधून एका माणसापुरती वाट. क्लबच्या सेक्रेटरीबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "फोम नको हं. होतं तसं हवं. काथ्या, स्प्रिंगा, तागाचे पट्टे. लोकांना वाटलं पाहिजे की टीम आत्ताच उतरून मैदानात गेलीय."

त्याला ते पटलं. फोमला स्वभाव नसतो, असं त्याचं मत होतं. तो रोज सकाळी आठला शेडचं दार उघडायचा, डबा खिडकीत ठेवायचा, ट्रान्झिस्टर बारीक आवाजात लावायचा आणि बसमध्ये शिरायचा. काम त्याने मागून सुरू केलं. मागच्या सीटा आधी, पुढच्या शेवटी.

२

अकराच्या सुमाराला गोलीकाका यायचे. जुन्या टीमचे गोलकीपर, आता ब्याऐंशी वर्षांचे. उंची अजून दारात वाकावं लागेल एवढी, पण गुडघे पार कामातून गेलेले. सूनबाई त्यांना हाताला धरून आणायची, शेडमधल्या लाकडी खोक्यावर बसवायची, काठी हातात द्यायची आणि दीडला न्यायला यायची. काका बसच्या दाराशी बसायचे. आत कधी आले नाहीत. पायरी चढवत नाही, म्हणायचे.

दोघांचा एक खेळ जमला होता. कुशनवाला कव्हर उसवायचा आणि आतून ओरडून सांगायचा, "उजवी सहावी. भारी माणूस. डावा पाय लांब करून बसायचा."

"सेंटर हाफ," काका बाहेरून हसायचे. "डाव्या गुडघ्याला कायम पट्टी. पुढे?"

"डावी पाचवी. हा तर बसतच नव्हता. नुसता वळवळ."

"तो लेफ्ट विंग. मैदानातही तसाच. एका जागी सापडला तर शपथ."

मग काका प्रवासाच्या गोष्टी सांगायचे. पहाटे निघायचं. टपावर वेताची मोठी पेटी, तिच्यात लोकरीच्या जर्स्या. उन्हाळ्यातही लोकरच, घामाने अंगाला चिकटायची. बूट नाड्यांनी वरच्या दांडीला टांगलेले, वळणावर एकमेकांवर आपटायचे. बुटांच्या तळाला चामड्याच्या गुटल्या असायच्या, त्या निघाल्या की चालत्या बसमध्येच छोट्या हातोडीने ठोकायच्या. चेंडूचा ब्लॅडर तोंडाने फुगवायचा आणि वरून दोरीने चामडं शिवायचं. हेडिंग करताना ती दोरी कपाळाला लागली की कातडं निघायचं. पाऊस पडला की चेंडू भिजून दगड व्हायचा. बसमध्येच कपडे बदलायचे, खिडक्यांना वर्तमानपत्र लावून. मुक्काम शाळेच्या वर्गात, बाकं जोडून. अकरा खेळणारे, एक जादा, एक मास्तर म्हणजे कोच.

"म्हणजे तेरा," कुशनवाला एकदा म्हणाला. "आणि सीटा चौदा."

"हो," काका म्हणाले, आणि काठीने जमिनीवरचा चुना सारखा करायला लागले.

३

सहाव्या दिवशी तेरा सीटा झाल्या. उरली ती दारातून शिरल्यावरची डावीकडची पहिली.

तिचं कव्हर इतरांपेक्षा कमी झिजलं असेल, असा त्याचा अंदाज होता. तेराजण आणि चौदा सीटा म्हणजे ही रिकामी असणार, फार तर पिशव्या ठेवायला. त्याने खिळे उपटले, रेक्झिन सोलून काढलं आणि हातातली पक्कड तशीच धरून बघत राहिला.

काथ्या चेपलेला होता. सगळ्या सीटांपेक्षा जास्त चेपलेला. पण बसल्याचा खड्डा नव्हता. बसल्याचा खड्डा एक असतो, रुंद, मागच्या बाजूला खोल. इथे दोन होते. शेजारी शेजारी, वाटीएवढे, गोल, पाठीच्या टेकूला अगदी लागून. त्यांच्यापासून पुढच्या कडेपर्यंत काथ्या नळीसारखा दबलेला, दोन नळ्या.

त्याने त्या दोन वाट्यांत आपल्या मुठी ठेवून बघितल्या. मग काही न सुचून त्याने सीटेवर स्वतः गुडघे टेकले. बरोबर बसले. मागे नळ्यांत त्याच्या नडग्या बसल्या. छाती टेकूला लागली, हात आपोआप टेकूच्या वरच्या कडेवर गेले, आणि हनुवटी हातांवर. त्या कडेवरचं रेक्झिन नेमकं हनुवटीखाली झिजून पांढरं पडलं होतं.

असा कोणी बसला तर त्याला पुढचा रस्ता दिसत नाही. त्याला मागच्या सीटा दिसतात. सगळ्या.

कुशनवाला उतरला. लहान पोरं अशी बसतात, त्याने स्वतःला सांगितलं. मास्तरांचं पोर असेल, यायचं असेल बरोबर. पण वाट्यांमधलं अंतर लहान पोराचं नव्हतं, आणि काथ्या असा घट्ट व्हायला वर्षं लागतात. एका पोराचं बालपण त्याला पुरत नाही.

"काका," त्याने बाहेर आवाज दिला, "डावी पहिली."

तो दारात आला. काका काठीवर दोन्ही हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"तिथे कोण बसायचं?"

"कोणी नाही."

"पण काथ्या तर..."

"कोणी बसत नसे," काका म्हणाले. "सूनबाई आली का बघ. आज लवकर जातो मी."

अजून बारासुद्धा वाजले नव्हते.

४

त्या दिवशी त्याने जुना काथ्या ओढून शेडच्या कोपऱ्यात टाकला, स्प्रिंगा नव्या सुतळीने बांधल्या, नवा काथ्या पिंजून भरला, तळव्याने थापून समतल केला. कव्हर दुसऱ्या दिवशी लावायचं म्हणून वर नुसती गोणपाटाची चादर टाकली. काम चांगलं झालं होतं. दार लावून तो घरी गेला.

सकाळी गोणपाट दोन जागी आत गेलं होतं.

मांजर, त्याने विचार केला. शेडमध्ये एक मांजर होतंच. मांजर एक खड्डा करतं, वेटोळ्याएवढा, हेही त्याला माहीत होतं. मग त्याने बांधणीला दोष दिला. सुतळी ढिली राहिली असेल. त्याने सगळं उसवून पुन्हा बांधलं, गाठी दोनदा तपासल्या, काथ्या दुप्पट ठासला. शेडला कुलूप लावलं, किल्ली सेक्रेटरीबाईंकडे न देता स्वतःच्या खिशात ठेवली. क्लबातल्या टवाळ पोरांचा उद्योग असेल तर आता बघू.

दुसऱ्या सकाळी वाट्या आणखी खोल होत्या. टेकूच्या वरच्या कडेला लावलेली नवीन पट्टी मधोमध दबली होती, आणि त्या जागी हात लावला तर ती किंचित ओलसर लागली.

त्याने हात पँटला पुसला. घाबरला असं तो कबूल करणार नव्हता. तो मागे गेला आणि तिसऱ्या रांगेत एका सीटचा निघालेला खिळा ठोकत बसला. बराच वेळ ठोकला. मग त्याच्या लक्षात आलं की आपली मान दुखतेय. हनुवटी जवळजवळ छातीला टेकली होती. खिळा तर केव्हाच बसला होता आणि तो नुसता आपल्या बुटांकडे बघत होता. गेले तीन दिवस संध्याकाळी मान दुखायची ती का, ते त्याला तेव्हा कळलं. बसमध्ये असेपर्यंत तो एकदाही वर बघत नव्हता.

त्याने ठरवून मान वर करायचा प्रयत्न केला. कोणी धरून ठेवली नव्हती. नुसतं नको वाटलं. खूप नको वाटलं. तो तसाच, जमिनीकडे बघत, वाटेतून चालत दारापर्यंत गेला आणि खाली उतरला.

५

सेक्रेटरीबाईंचं ऑफिस म्हणजे क्लबच्या जुन्या वस्तूंचा ढीग होता. जुने चषक, पिवळी पडलेली तिकिटं, काचेखाली एक दोरीचा चेंडू, हुकाला टांगलेली गोलीची लोकरी टोपी. बाई प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावत होत्या.

"त्या पहिल्या सीटचं लाकूड कुजलंय," त्याने सांगितलं. "ती नको लावू या. तेरा पुरेत."

"अहो, असं कसं? ती तर फोटोत आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी एक फोटो पुढे सरकवला. "हा बघा. बसच्या आतला एकच फोटो आहे आपल्याकडे. मोठा करून दारात लावणार आहे."

फोटो चालत्या बसमधला होता. खिडक्यांबाहेरचं सगळं पुसट. दोन्ही बाजूंना माणसं, वर टांगलेले बूट. फोटोच्या तळाशी एका टेकूची कड, अगदी जवळ, त्यामुळे धूसर. सगळे खेळाडू मान खाली घालून बसलेले.

"किती दमलेत बिचारे," बाई म्हणाल्या. "हरून येत असणार."

कुशनवाल्याने एकेक ओळखायचा प्रयत्न केला. पाय लांब केलेला सेंटर हाफ. उंच गोली, हात मांड्यांमध्ये दाबून. त्यांच्या माना झोपलेल्या माणसासारख्या कलल्या नव्हत्या. ताठ खांदे आणि खाली वळवलेली तोंडं. फक्त एकाचं तोंड वर होतं. चौथ्या रांगेतला एक पोरगेला खेळाडू, सरळ फोटो काढणाऱ्याकडे बघणारा. तोंड थोडं उघडं.

"फोटो कोणी काढला?"

बाईंनी फोटो उलटा करून बघितला. "लिहिलेलं नाही. पुढच्या सीटेवरून काढलाय हे नक्की."

६

काका दोन दिवस शेडमध्ये आले नव्हते. तो त्यांच्या घरी गेला. सूनबाईने दार उघडलं आणि ती भाजी आणायला बाहेर पडली. काका आपल्या जुन्या स्प्रिंगांच्या आरामखुर्चीत बसले होते. त्याने काही विचारायच्या आधीच ते बोलायला लागले.

"आम्ही बघत नसू. एवढंच करायचो. बस निघाली की थोड्या वेळाने कळायचं. गप्पा चालू असायच्या आणि एकदम कोणी बोलेनासं व्हायचं. मग मान खाली. सगळ्यांची. ड्रायव्हरने तर आरसाच काढून टाकला होता."

"काय होतं काका तिथे?"

"मी बघितलंच नाही तर सांगू काय? आमच्यात कधी त्यावर बोलणं झालं नाही. नवीन आलेल्याला सांगितलंही नाही. सांगायचं तरी काय, सांग."

"फोटोतला तो पोरगा. वर बघणारा."

काकांना तो लगेच आठवला. "राइट विंग. काय धावायचा. त्या दिवशीच्या मॅचमध्ये तो मैदानाच्या कडेला उभा राहिला तो राहिलाच. चेंडू पायापाशी येऊन गेला, हा बसकडे बघतोय. पुढच्या वेळी बसला आला नाही. आम्ही तिघंचौघं त्याच्या घरी गेलो. आई म्हणाली, आत आहे, बसलाय. असा का बसतो तेवढं विचारा, माझं ऐकत नाही. या ना आत."

"मग?"

"मग काय. दारातूनच परत फिरलो." काकांनी डोळे पुसले, पण रडल्यासारखे नाही, नुसतं पाणी आलं म्हणून. "आई दोनदा हाक मारत होती मागून. साठ वर्षं झाली. ती सीट लावू नकोस."

"नाही लावत," कुशनवाला म्हणाला.

त्याने शब्द पाळला. सीट सांगाड्यासकट उचकटून काढली, काथ्या उपसून टाकला आणि सांगाडा शेडच्या मागे नेऊन टाकला. बसच्या जमिनीवर बोल्टांची चार भोकं उरली.

७

समारंभ रविवारी सकाळी होता. ऊन स्वच्छ पडलं होतं. बसला ट्रॅक्टर जोडून मैदानाभोवती एक फेरी मारायची आणि आत जुन्या खेळाडूंना, त्यांच्या घरच्यांना बसवायचं असं ठरलं होतं. जुने खेळाडू तिघंच उरले होते, बाकी मुलं, सुना, नातवंडं.

कुशनवाला बायकोला घेऊन पोचला तेव्हा सेक्रेटरीबाई लगबगीने पुढे आल्या. "तुम्ही नाही म्हणालात, पण सुताराने केली बघा ती सीट. लाकूड तर ठणठणीत होतं म्हणे. आतला जुना काथ्या कोपऱ्यात होता, तोच भरला. आणि वहिनी, चला, तुमच्या मिस्टरांनी बनवलेल्या सीटांवर पहिला मान तुमचा."

"तिला बसमध्ये नको," तो म्हणाला, पण बँड सुरू झाला होता, आणि बाई तिला हाताला धरून घेऊनही गेल्या होत्या. तो गर्दीतून वाट काढेपर्यंत ट्रॅक्टरने बस ओढली होती. बायको डाव्या बाजूला चौथ्या खिडकीत होती. तिने त्याला बघून हात केला.

तो बसच्या बाजूने चालायला लागला. ट्रॅक्टर माणसाच्याच चालीने जात होता. उघड्या खिडक्यांमधून आतलं सगळं दिसत होतं. पहिल्या सीटच्या टेकूवर शोभेला एक जुनी जर्सी पसरून ठेवली होती. तिथे कोणी बसलेलं नव्हतं. हे त्याने नीट बघितलं, कारण बाहेरून बघता येत होतं. तिथे कोणी नव्हतं, आणि जर्सी टेकूवरून हळूहळू मागे सरकत होती, जशी तिच्यावर कोणी कोपरं टेकवावीत.

आतलं हसणं थांबलं. एका आजोबांची मान खाली गेली, मग त्यांच्या नातीची. मग सगळ्यांची, एकामागून एक. त्यांना कोणी काही सांगितलेलं नव्हतं. त्याची बायको मांडीवरच्या पर्सकडे बघत होती. बँड वाजत होता, लोक टाळ्या वाजवत होते.

"खिडकीतून बाहेर बघ," तो ओरडला. "माझ्याकडे बघ."

तिला अर्धवट ऐकू गेलं असावं. तिने मान उचलायला सुरुवात केली. बाहेर नाही, समोर.

तेव्हा काका उभे राहिले. ते बसमध्ये केव्हा चढले, कोणी चढवलं, त्याने बघितलं नव्हतं. दुसऱ्या रांगेतून उठून ते मधल्या वाटेत आले, दोन्ही हातांनी वरची दांडी धरली आणि बायकोच्या समोर आडवे आले. तोंड पुढे. पेनल्टीला उभा राहिलेला गोली चेंडूवरची नजर हलवत नाही तशी त्यांची नजर त्या सीटेवर होती. संपूर्ण फेरी ते तसेच उभे होते.

बस थांबली. लोक उतरले, बोलायला लागले, जणू काही झालंच नव्हतं. "मला कोणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं," बायको म्हणाली. "अगदी घरातल्यासारखी. बघणार तेवढ्यात काका मध्ये आले."

काका सगळ्यात शेवटी उतरले. पायरी एका दमात. काठी आतच राहिली होती आणि गुडघे मस्त वाकत होते.

"आता मोड ती सीट," त्यांनी कुशनवाल्याला सांगितलं. "घाई नाही. रिकामी आहे."

८

नऊ दिवसांनी सूनबाईचा फोन आला. "दादा, जरा येऊन जाता का? बाबांचं काही कळत नाही. तब्येत ठीक आहे, डॉक्टर तर गुडघे बघून चकितच झालेत. पण बसतात कसे ते बघा."

फोन ठेवून तो भर दुपारी निघाला. काका त्या पोराच्या आईच्या दारातून परत फिरले होते हे त्याला वाटेत पावलोपावली आठवत होतं. दारात पोचला तेव्हा त्याने आधी मान खाली घातली आणि मग बेल वाजवली.

"आत आहेत," सूनबाई म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. "या ना."

तो आत गेला. फरशीवरचे ठिपके बघत चालला. खोलीच्या मधोमध आरामखुर्चीचे चार पाय दिसले, आणि सीटच्या कडेबाहेर आलेली दोन अनवाणी पावलं. तळवे वर.

"आलास," काका म्हणाले. आवाज त्यांचाच, नेहमीचा. "मला वाटलं येणार नाहीस."

"आलो काका."

"वर बघू नकोस."

"नाही बघत."

"शहाणा आहेस. पण सूनबाई बघते. भरवताना बघावंच लागतं तिला. मी डोळे मिटतो, पण मिटलेले राहत नाहीत रे." त्यांचा आवाज हलला. "दोन दिवस झाले, तीही दुपारी खुर्चीत उलटी बसते. तिला वाटतं पाठ दुखते म्हणून. मला इथून उचल. भिंतीकडे तोंड करून बसव."

भिंतीला लागून खाट होती. कुशनवाल्याने ती जागा लक्षात ठेवली, डोळे घट्ट मिटले आणि हात पुढे केले. हाताला काकांची कंबर लागली, मग बगला. त्याने उचललं. काथ्याच्या पोत्याएवढंही वजन नव्हतं. चार पावलं, खाटेची कड, हळूच खाली. चाचपून बघितलं. तळव्याला डोक्याची मागची बाजू लागली, विरळ केस, मानेची खोबण. तोंड भिंतीकडे होतं, यात शंका नव्हती.

"बरं वाटलं," काका भिंतीला म्हणाले. ते रडत होते. "किती दिवसांनी भिंत बघतोय."

कुशनवाल्याने श्वास सोडला. मग आपलं काहीतरी ऐकायचं राहिलंय, असं त्याला वाटलं. तीस वर्षं तो आवाज त्याच्या कानात होता. जुन्या खुर्चीवरून माणूस उठला की स्प्रिंगा सुटतात, आधी मधली, मग कडेच्या. काकांना उचललं तेव्हा ती खुर्ची गप्प राहिली होती. ती अजून दबलेलीच होती.

दारात कपांचा आवाज झाला. सूनबाई ट्रे घेऊन आली होती. तिने खोलीत बघितलं असावं, कारण कप एकदम वाजले आणि थांबले. त्याने डोळे किलकिले करून फक्त तिचे पाय बघितले. ते जागच्या जागी, खुर्चीकडे वळलेले होते.

"बाबा खाटेवर आलेत, बरं झालं," ती हळूच म्हणाली. आणि मग, पाहुण्यांसमोर बोलावं तशा संकोचाने, "यांना चहा चालतो ना?"

"ट्रे खाली ठेव," कुशनवाला म्हणाला. "माझ्या पायांकडे बघ. फक्त पायांकडे. आणि मागे मागे ये."

ट्रे जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. त्याने खाली बघतच काकांना वळवून पाठीवर घेतलं, त्यांचे हात आपल्या गळ्यात बांधले, त्यांचं कपाळ आपल्या खांद्यात दाबून धरायला सांगितलं. फरशीचा एकेक ठिपका मोजत तो निघाला. खुर्चीचे पाय उजवीकडून गेले. काहीतरी त्याच्या चेहऱ्याच्या उंचीवर, अगदी जवळ, त्याच्याबरोबर वळत होतं. वाऱ्यासारखं काही लागलं नाही, नुसतं तसं वाटलं. त्याने मान आणखी खाली घातली. मागे सूनबाईच्या चपला सरपटत येत होत्या.

बाहेरचं दार आलं. उंबऱ्यापलीकडे जिन्यावर ऊन पडलं होतं. त्याने काकांना नीट सावरलं, सूनबाईचा हात धरून तिला पुढे काढलं आणि दाराची कडी ओढायला हात मागे नेला.

तेव्हा आतल्या खोलीत खुर्चीची मधली स्प्रिंग सुटली. आणि मग, सावकाश, एकेक करून कडेच्या.